धुऱ्याअलीकडची आग

आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यापलीकडचं वावर धाकट्या दिराचं. कापूस संपला की तो पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवायचा, आणि धूर बघून माझं डोकं फिरायचं. आम्ही नवराबायकोनं पऱ्हाटी कधीच जाळली नाही. बारीक करून मातीत गाडली, वरून शेणखत टाकलं. मातीतला कर्ब वाढेल, वावर पुन्हा काळंभोर होईल, एवढीच आशा.

यंदा उन्हाळ्यात कृषी सहायक तपासलेल्या मातीचा निकाल सांगायला वावरात आले.

"ताई, कर्ब वाढला नाही. घटलाच."

"काऊन? आम्ही तं काडीबी नाही लावली!" मी खेकसले.

"ऊन वाढलं ना. तापलेल्या मातीत जरा ओल मिळाली की जिवाणू सगळं भराभर खाऊन टाकतात. गाडलेला कर्ब हवेत जातो."

"म्हंजे धुऱ्यापलीकडच्या धुरासारखाच?"

"तसाच. हेही जळणंच, फक्त दिसत नाही."

आमचे हे खाली बसले. मूठभर माती दाबून पाहिली. ती पिठासारखी बोटांतून गळाली.

"आनखी खत टाकू," हे म्हणाले.

"कोनासाठी? वाऱ्यासाठी?" मी ओरडले.

संध्याकाळी दिरानं पऱ्हाटी पेटवली. मी शिवी द्यायला धुऱ्यावर गेले, तोंड उघडलं, आणि तशीच उभी राहिले. त्याची आग सकाळपर्यंत विझणार होती.