लॉरीतून नेलेला पुरावा

आमच्या दोन पेट्या जप्त झाल्या याचा राग मला आलाच होता. पण त्याहून मोठा राग वेगळ्याच गोष्टीचा होता. जप्त केलेल्या पेट्या कचेरीपर्यंत न फुटता पोचवायच्या होत्या, आणि त्या पोचवायच्या होत्या आम्हीच. आमच्या खर्चानं, आमच्या जबाबदारीवर, आमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून.

माझे मालक जालन्याला कापसाच्या एका जिनात फिटर होते. छावणीतल्या गोऱ्यांच्या क्लबातून या पेट्या अडगळ म्हणून बाहेर काढल्या होत्या, त्या त्यांनी भंगारात घेतल्या आणि बदनापूरच्या आमच्या घरी ओसरीत खोलून बसले. एक गोळीची पेटी. पुरुषभर उंच, पुढं काच, आत खिळ्यांची नक्षी. नाणं टाकून खटका मारला की लोखंडी गोळी गरगर फिरून खाली यायची, लाल वाटीत पडली तर नाणं परत मिळायचं. दुसरी चित्रांची पेटी. भोकाला डोळा लावून दांडा फिरवला की आत चाकावर लावलेली चित्रं भराभर पलटायची आणि एक घोडा कुंपणावरून उडी मारायचा. नाण्यांच्या खाचा विलायती पैशाच्या होत्या, त्या कानशीनं घासून मालकांनी हाली शिक्क्याच्या, म्हणजे आमच्या संस्थानी नाण्यांच्या, केल्या. मग जिनाचं काम बंद असेल त्या दिवसांत आम्ही जत्रेला जायचो. ते पेट्या सांभाळायचे, मी बायकांना चित्रांच्या पेटीपाशी उभं करायची. म्हाताऱ्या बायासुद्धा तो घोडा पाहून "अगं माय!" म्हणून मागं सरायच्या.

तीर्थपुरीच्या जत्रेत पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा मेव्हणा आला. गोळीच्या पेटीवर खेळत राहिला, हरत राहिला. शेवटी म्हणाला, मागचं झाकण उघडून माझी नाणी परत द्या. मालक म्हणाले, "साहेब, तसं दिलं तर मंग हरलेल्या समद्यांनाच द्यावं लागंल." मेव्हणा गेला आणि थोड्या वेळानं खुद्द अमीनसाहेब आले. पेटीभोवती एक चक्कर मारली.

"ये तो जुगार है. परवाना?"

"साहेब, खेळ हाय. लेकरांचा खेळ."

"आणि ती दुसरी?"

"त्यात नुस्ता घोडा हाय," मी म्हणाले. "बघून तर घ्या."

त्यांनी डोळा लावला नाही. दोन्ही जप्त. पंचनामा झाला, त्यात पेट्या काचेसकट साबूत असल्याचं लिहिलं. मग ते मालकांना म्हणाले, "तालुक्याच्या कचेरीत मुन्सिफसाहेबांपुढं नेऊन उभ्या करायच्या. बराबर अशाच. काचेला तडा गेला तर पुरावा मिटवल्याचा इल्जाम वेगळा लागेल."

"सरकारी गाडी कुठं हाय, साहेब?"

"सरकारी गाडी?" ते हसले. "तुम्ही आणल्या तशा न्या."

आम्ही आणल्या होत्या भाड्याच्या लॉरीतून. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून ती कोळशाच्या गॅसवर चालायची. मागं उघडा हौदा, बाजूला धूर काढणारी टाकी. ड्रायव्हरचाचा पांढऱ्या दाढीचा, सबुरीचा माणूस. तो म्हणाला, "बेटी, रोना नको. माल जैसा लाया, वैसा पोचायेंगे." मी रडत नव्हते. माझे डोळे रागानं लाल झाले होते, पण ते चाचाला सांगून काय उपयोग.

बांधाबांध आम्ही दोघांनी केली. पेटी आडवी घालायची नाही, हा मालकांचा पहिला नियम. आडवी केली की आतलं शिशाचं वजन आकड्यावरून सुटायचं आणि आतून काचेवर आदळायचं. त्यांनी मागचं झाकण उघडून वजन सुतळीनं जखडलं, गोळी काढून खिशात ठेवली. चित्रांच्या चाकात मी माझ्या जुन्या लुगड्याच्या घड्या कोंबल्या, म्हणजे चित्रं एकमेकांवर घासू नयेत. हौद्यात कडब्याच्या पेंढ्या पसरल्या. त्यावर पेट्या उभ्या, पाठी ड्रायव्हरच्या बाजूला. काचेवर कापसाचा थर, वर गोधडी, गोधडीवर काढण्या आवळल्या. मग चारी कोपऱ्यांना दोर ताणून मालकांनी पेटी हातानं हलवून पाहिली. हलली नाही. तेव्हा कुठं ते पाणी प्याले.

इतक्यात पुराव्याबरोबर जायला नेमलेले जमादार आले. त्यांच्याबरोबर वांग्यांचं पोतं, तुपाचा डबा आणि एक बोकड. हे सगळं म्हणे कचेरीतल्या कुणा मोठ्या साहेबांकडं पोचवायचं होतं.

"ह्या पेट्या आडव्या करा," जमादार म्हणाले. "वर बसायला होईल."

माझ्या कपाळाची शीर ताठली. "जमादार, त्या बसायच्या पेट्या न्हाईत. काच हाय."

"बाई, तुमाला कोन इचारून राह्यलं?"

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. गप्प बस, असं त्या पाहण्यात होतं. त्यांनी दोर सोडून पेट्या जरा सरकवल्या, परत बांधल्या आणि बोकडाला जागा करून दिली. मी दोन्ही पेट्यांच्या मध्ये जाऊन बसले, बोकडाकडं पाय करून. त्यानं शिंग उगारलं की मी पाय उगारायची. ज्यांनी आमचा धंदा मोडला त्यांचीच वांगी आमच्या भाड्याच्या लॉरीतून चालली होती, आणि मला काही बोलायची सोय नव्हती.

रस्ता म्हणजे काळ्या रानातली गाडीवाट. बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगड झाल्या होत्या. चाचा एक चाक चाकोरीत, एक वर, असा तिरका हाकायचा. पेट्या झुकायच्या, दोर करकरायचे, मालक एका पेटीला पाठ लावून आणि मी दुसरीला. पाठीची सालटं निघाली. जमादार पुढच्या बाजूला पोत्याला टेकून घोरत होते.

एका ओढ्यापाशी चाचानं लॉरी थांबवली. उतार मोठा होता, तळाशी गोटे.

"समदे उतरा," तो म्हणाला. "हलकी केली तर हळू उतरते. नाय तर धक्का बसतो."

आम्ही उतरलो. जमादार उतरेनात. "मी सरकारी माणूस. पुरावा सोडून उतरता येत न्हाई मला. चला जल्दी."

आता मात्र मी मालकांकडं पाहिलंच नाही.

"बसा की," मी म्हणाले. "पर आदी ड्रायव्हरचाचाला साक्षीला घेते. चाचा, ऐका. उतरा म्हनलं तरी जमादार उतरले न्हाईत. आता काच फुटली, तर पुरावा मिटवल्याचा इल्जाम जमादारांवर. मी मुन्सिफसाहेबांना हेच सांगनार, शब्दाला शब्द."

"बराबर," चाचा म्हणाला. "मी बी सांगतो."

जमादारांनी मिशीवरून हात फिरवला. मग उतरले. बोकडही उतरवला. मालक लॉरीच्या मागं दोर धरून, चाचा इंच इंच ब्रेक सोडत, अशी ती लॉरी ओढा उतरली आणि पल्याड चढली. गोधडीखाली हात घालून मी काच चाचपली. गार, गुळगुळीत, अखंड. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. आणि लगेच त्या आनंदाचाच संताप आला. कशासाठी जपत होतो आम्ही? आम्हाला गुन्हेगार ठरवता यावं म्हणून!

कचेरीच्या आवारात पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. जमादारांचा सूर पुन्हा चढला. "ह्या गोधड्या काढा. साहेबांपुढं असल्या चिंध्या न्हेता का?" गोधडी, कापूस, आतलं वजन जखडलेली सुतळी, सगळं त्यांनी सोडायला लावलं. मालक हात जोडून म्हणाले, "आत न्हेल्यावर सोडतो. पायऱ्या हायती." ऐकतो कोण. चार शिपाई आले. मालक पुढं झाले तर त्यांना बाजूला सारलं, आरोपीनं पुराव्याला हात लावायचा नाही म्हणून. शिपायांनी गोळीची पेटी धरली आणि तिरडीसारखी आडवी खांद्यावर घेतली.

"उभी न्या! उभी!" मालक ओरडले.

आत शिसं सुटल्याचा आवाज आला. मग काच. सगळी पायरीभर.

मुन्सिफसाहेबांनी पंचनामा वाचला, पेटीकडं पाहिलं. "इथं साबूत लिहिलंय."

"रस्त्यात फुटली असंल, हुजूर," जमादार म्हणाले.

मालक परत हात जोडायला लागले. मी बोलले. पदर सावरायचं भान राहिलं नाही. "रस्त्यात न्हाई, हुजूर! काच तुमच्या पायरीवर पडलीय. उठून बघा. रस्ताभर आमी तिला लेकरावानी आणली, अन् तुमच्या मान्सांनी चार पायऱ्यांत मारली."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मुन्सिफसाहेब खरंच उठले, दारापर्यंत गेले, पायरी पाहिली, परत येऊन बसले. मालकांना म्हणाले, "पेटी चालत नाही, तेव्हा जुगार होता की खेळ ते पाहता येत नाही. मुकदमा निकाली. पेट्या घेऊन जा."

"अन् काच?" मी विचारलं.

"बाई, भरपाईचा अर्ज दिलात तर सगळं पहिल्यापासून पाहावं लागेल."

मालक माझं मनगट धरून मला बाहेर घेऊन आले.

त्यांनी फुटक्या पेटीलाही तशीच गोधडी गुंडाळली, तसेच दोर ताणले. आम्ही निघणार तेवढ्यात जमादार आले. वांगी, बोकड पोचवून मोकळे झालेले. बदनापूरला स्टेशनवरून गाडी धरायची होती म्हणे. मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "बसा, जमादार." वर त्यांना आपल्या फडक्यातली भाकरी दिली. त्यांनी ती खाल्ली. घर येईपर्यंत मी मालकांकडं पाठ करून बसले.

लढाईमुळं तसली काच कुठं मिळेना. मालकांनी काचेच्या जागी तारेची जाळी ठोकली, तर लोक काडी घालून गोळी लाल वाटीत ढकलायचे. शेवटी गोळीची पेटी बंदच केली. घोडा मात्र पुष्कळ वर्षं उड्या मारत राहिला.

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया आल्या होत्या. कुणी साखर आणली होती, कुणी नारळ. "सुटलात की वो!" म्हणत होत्या. मालक हसून सगळ्यांना बसा म्हणत होते. मी चुलीपाशी होते. सुटलो? आम्ही केलं काय होतं, की सुटावं? पण त्या बिचाऱ्या मायेनं आल्या होत्या. मी चहाला आधण ठेवलं, आणि भांडी जरा जोरातच आपटली.