मी मान हलवली

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही. पण आता आत मावत नाही — एवढंच.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या बाजूला एका छोट्या शाळेत मी मोठ्या शिशूची टीचर आहे. चित्रांचं पुस्तक वाचायचं आणि मग त्यातलंच काहीतरी मुलांकडून करून घ्यायचं, हा माझा आवडता तास. त्या वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी स्वतःचं एक पुस्तक वर्गाला दिलं होतं. त्यांच्या मुलानं परदेशातून पाठवलेलं, भलंमोठं. ढगात हरवलेल्या शेळीची गोष्ट होती. बाई म्हणाल्या होत्या, जपून हां.

वर्गात आफरीन होती. पाच वर्षांची. वडील लूमवर कामाला, घरात हिंदी, त्यामुळे वर्गात ती तोंडच उघडायची नाही. पण शेळीचे केस करायला काय चिकटवायचं, असं मी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ही पोरगी वडिलांच्या कारखान्यातून वाया गेलेल्या सुताचा गुंता फ्रॉकच्या खिशात कोंबून घेऊन आली. सगळ्या वर्गाला वाटला. स्वतःच्या शेळीच्या पोटावर बोट ठेवून मला म्हणाली, "इसके पेट में बारिश है." वर्गातलं तिचं पहिलं वाक्य. मला किती आनंद झाला होता! — हे मुद्दाम सांगतेय. ती मला आवडायची.

मधल्या सुट्टीत मुलं बाहेर गेली. आफरीन गेली नाही, चिकटवत बसली. मी टेबलाशी फोन बघत होते. काही महत्त्वाचं नाही, असंच. माझं कोपर लागलं आणि ब्रश धुवायचा मग पुस्तकावर आडवा झाला. निळं, गढूळ पाणी. मी ओढणीनं पुसायला गेले तर पानाचा रंगच निघून आला.

आणि बाई दारात.

"हे कोणी केलं?"

माझी नोकरी नवीन होती, अजून कायम व्हायची होते — पण खरं सांगू? तेव्हा नोकरी डोक्यात आलीच नाही. तोंडातून आपोआप निघालं, "आफरीननं." आपोआप? तेही खोटंच. टेबलाच्या सगळ्यात जवळ स्वरा बसायची, बाहेर जाताना तिचा धक्का लागला असंही म्हणता आलं असतं. तिच्या वडिलांची वडप्याला गोदामं आहेत. तिचं नाव नाही आलं तोंडात. आफरीनच्या घरून कुणी भांडायला येणार नाही, हे मला माहीत होतं. एका क्षणात माहीत होतं.

बाई तिच्यापुढे वाकल्या. "तूने किया, बेटा?"

तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली — हो म्हण, अशी. मग तिनंही हलवली.

बाई ओरडल्या नाहीत. आठवडाभर रंगांना हात लावायचा नाही, एवढंच म्हणाल्या. आठवडा संपला. मी रंग पुढे केले, तर तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच.

एक दिवस तिची अम्मी आली. "टीचर, ये घर पे भी किसी चीज़ को हाथ नहीं लगाती. बोलती है, मेरे हाथ से खराब होता है. खाना भी मैं खिलाती हूँ."

तेव्हा सांगता आलं असतं ना? अम्मी समोर उभी होती, वर्गात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "हो जाएगा ठीक. बच्ची है."

पुढच्या वर्षी ती दुसऱ्या शाळेत गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून टाकते.

गेल्या महिन्यात नाक्यावर शेअर रिक्षाच्या रांगेत त्या दोघी मायलेकी भेटल्या. आफरीन आता तिसरीत आहे. उंच झालीय, मराठी फाडफाड बोलते. मी विचारलं, "चित्रं काढतेस का गं?"

"न्हाय टीचर. माझ्याकडून सांडतं." मग अम्मीचा हात सोडून जवळ आली, हळूच म्हणाली, "टीचर, तेव्हा तुमचं पुस्तक माझ्यामुळे खराब झालं ना. सॉरी हां."

तिला खरंच तसं आठवत होतं. माझ्या खोट्याला ती स्वतःची आठवण समजून वाढली होती.

आणि मी काय केलं? तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "असू दे बाळा."

मी तिला माफ केलं. मी — तिला.

ते आता कोन गावाच्या अलीकडे राहतात, अम्मीनं गल्ली सांगितली, घरी या म्हणाली. माझी रिक्षा रोज त्या गल्लीवरून जाते. मी उतरत नाही.