खालच्या ओळीतला माणूस

"अँड देन?" भुवया वर, चमचा हवेतच. साहेबांना काहीही सांगा, अगदी भाजी करपली म्हणा, पुढे हेच.

अ‍ॅशबर्नच्या एका देशी किराणा दुकानात मागे दोन-तीन टेबलं होती, तिथे मी पोळ्या करायची. साहेब फ्रान्सचे, वर्षभर इथे अमेरिकेत कॉलेजात शिकवायला आलेले, दुपारी आमच्याकडे जेवायचे. मी आठवीतच शाळा सोडलेली. इंग्रजी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. पण माझं पुढे काय झालं, हे त्यांच्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. मी मोडकंतोडकं सांगत गेले.

एकदा दुकानाचे मालक, आमचे नागपूरचे काका, यांनी कॉम्प्युटरवर त्यांचं नाव टाकलं आणि उडालेच. माजी मंत्री! पानभर खाती, निवडणुका, फोटो. अगदी तळाशी एक ओळ: कादंबऱ्याही लिहितात. साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"काका, मी इथे राहतो."

त्या वर्षी युद्धावरून अमेरिकेचं आणि फ्रान्सचं बिनसलेलं. कॉलेजनं साहेबांचं ठरलेलं कादंबरीवाचन कॅन्सल केलं. त्या दुपारी ते नुसते पोळीचे तुकडे करत बसले. मंत्र्याचं सगळेच ऐकतात, म्हणाले, लिहिणाऱ्याचं कुणी ऐकतं का, एकदा बघायचं होतं.

काका मराठी मंडळाचे अध्यक्ष. मी धीर करून त्यांच्याकडे साहेबांच्या वाचनासाठी हॉल मागितला.

"ताई, हॉल भरवतो की नाही बघाच!"

भरवला हो! आणि मग आपण जे करतो तेच केलं. तुम्ही पाहिलेत ना असे समारंभ? दिवा लावला, स्वागतगीत झालं, शाल, श्रीफळ, आणि काकांचं न संपणारं प्रास्ताविक, त्यात नुसती खाती. मग प्रश्न. एका पुणेकरांना युरोपचा व्हिसा हवा होता. साहेब शाल पांघरून सगळ्यांना नीट उत्तरं देत होते. मांडीवर नारळ, नारळाखाली वाचायचे कागद. हॉल सोडायची वेळ होत आली. आणि मी उभी राहिले.

"काका, त्यांना वाचू द्या."

आवाज माझाच, पण मलाच ओळखू आला नाही. काकांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माइक साहेबांसमोर सरकवला.

साहेबांनी स्वतःच इंग्रजी केलेलं एक पान वाचलं. म्हातारा नावाडी नव्या महापौराला नदीपार नेतोय. हाच महापौर पूल बांधून त्याची नाव बंद पाडणार आहे. बरोब्बर मध्यावर नावाडी वल्ही आत घेतो, डबा उघडतो आणि शांतपणे जेवायला लागतो.

साहेबांनी तिथेच कागद खाली ठेवला.

मागे दंगा करणारी पोरंसुद्धा पुढे सरकली होती. आणि साहेबांच्या शेजारून आमच्या काकांचाच आवाज आला, अगदी हळू:

"अँड देन?"

साहेबांच्या मांडीवरून नारळ घरंगळला. तो उचलायचं भानही त्यांना राहिलं नाही. नुसते हसत होते, डोळे भरलेले.

उन्हाळ्यात ते परत गेले. कादंबरी निघाली असेलही, मला कुठली वाचता येणार. पण दुपारी दुकान रिकामं असलं की काका अजून गल्ल्यावरून विचारतात, "ताई, त्या नावाड्याचं पुढे काय झालं असेल हो?"

मी पोळी उलटते. "जेवतोय अजून."