तिसरी गाठ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर तीन फोन. गुरुवारचा दिवस होता, दिवस मावळायला आला होता. बायको ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होती आणि मी भिंतीजवळ फोन घेऊन बसलो होतो.

ती गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती, सगळ्यांची मावशी. बावीस वर्षं तिनं तिथं चूल पेटवली, खिचडी रांधली, पोरांची नाकं पुसली. आमच्याकडची निम्मी पोरं दिवाळीनंतर आजी-आजोबांजवळ राहतात, कारण आई-बाप ऊस तोडायला लांब गेलेले असतात. कुणाला डोस दिला, कुणाचे कान फुटले, कुणाचा दाखला पाहिजे, हे त्या आई-बापांना कळवायचं कुणी? वही लिहायला सेविकाबाई होत्या, पण बाईंच्या मागे कागद लई. म्हणून हे काम हिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. सरकारनं सांगितलं नव्हतं, कुणी हात जोडले नव्हते.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी तिसरीपर्यंत गेलतो, आकडे येतात. दिवसभरात ज्याच्या घरी काही कळवायचं असेल, त्याच्या नावाची एक गाठ ती पदराला मारायची. संध्याकाळी घरी आली की मी नंबर लावायचा, तिनं बोलायचं, बोलून झालं की गाठ सोडायची. नंबर आमच्या घरात भिंतीवर खडूनं लिहिलेले आहेत, माझ्या हातानं. प्रत्येक नंबरापुढं तिनं खूण काढलेली आहे. एका पोरापुढं शेळी, एकापुढं दोन वेण्या, एकापुढं नुसतं मोठं तोंड, कारण ते पोर रडकं.

"ऐकलं का? शेळीवाल्याला लावा," ती म्हणाली.

"झालं तारऑफिस सुरू," मी म्हणालो.

"तारऑफिसातल्या शिपायानं लई बोलू न्हाई. लावा."

शेळीवाल्याच्या बापाला तिनं सांगितलं की पोराला डोस दिला, मांडी दुखंल, ताप आला तर भिऊ नगंस. वेणीवालीच्या आईला सांगितलं की खरूज बसली, मलम संपलं, आता नको. दोन गाठी सुटल्या. तिसरा नंबर वाटीचा. ही साडेतीन वर्षांची पोरगी घरून आणलेल्या स्टीलच्या वाटीतच, तेही माझ्या बायकोनं भरवलं तरच खायची, दुसऱ्या ताटाला हात लावायची नाही, म्हणून तिची खूण वाटी. तो फोन काही लागेना. दोनदा लावला. फोनमधली बाई तेच ते बोलत राहिली, संपर्काच्या बाहेर.

"वाटी लई दिस भरलेलीच परत जातीय," ती डाळीकडं बघत म्हणाली.

मी ऐकलं आणि सोडून दिलं. बायका बोलतात तसं बोलली असं वाटलं. मी म्हणालो, "काय सांगायचं ते मला सांग, मी सकाळी सांगतो."

"तुमी? तुमी निस्तं नंबर लावा. मागं काय केलतं ते ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. फोन नवा घेतला त्या वर्षीची गोष्ट. तिचे हात पिठाचे होते, तिकडून एका पोराचा बाप बोलायला लागला, तर मीच सांगून टाकलं, "तुझ्या पोराला ताप भरलाय." तेवढं बोललो आणि फोन बंद पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको दारात. उसाच्या पाल्यानं चिरलेले हात, अंगावर तेच कपडे, रात्रभर एसटीनं आलेले. आणि पोर अंगणात चाक पळवत होतं. माझ्या बायकोनं त्यांना जेवायला घातलं आणि ते गेल्यावर मला धारेवर धरलं.

"गावाकडून फोन आला म्हंजी तिकडं माणसाला वाटतं, कुणीतरी गेलं. आधी 'सगळं खुशाल हाय' म्हणावं. मग ताप सांगावा, मग औषिद सांगावं. तुमी कावून असं धोंडा टाकल्यावानी बोलता?"

तेव्हापासून माझं काम नुसतं नंबर लावायचं.

"सकाळी लावू," असं म्हणून तिनं डाळीचं सूप उचललं. तिसरी गाठ तशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. ती बसलीच. पाणी उकळून भांडं करपल्याचा वास आला तेव्हा मी आत गेलो. यापेक्षा जास्त मला त्यातलं सांगता येत नाही. डॉक्टर तालुक्याहून येईपर्यंत त्याला काम उरलं नव्हतं.

लेक माजलगावहून दुपारपर्यंत आली. सवाष्ण गेली म्हणून बायांनी हिरवं लुगडं आणलं, अंघोळ घातली. अंगावरचं जुनं लुगडं गुंडाळून कोपऱ्यात टाकलं होतं. त्याच्या पदराला मला गाठ दिसली.

"ते लुगडं इकडं दे," मी लेकीला म्हणालो.

"आबा, ते जायला पायजे संगं."

"दे म्हणलं ना."

बायांना वाटलं म्हाताऱ्याला माया आली. माया तर होतीच, ती काय बायांना दाखवायची गोष्ट आहे? पण मी त्या गाठीसाठी मागितलं. तिला सरणावर ठेवलं तेव्हाही माझ्या डोक्यात तेच होतं, की वाटीवालीच्या आईला काय सांगायचं होतं. लोक म्हणाले, रडत नाही, दगड आहे. म्हणू द्या.

शनिवारी उजाडलं. लुगडं काखेत मारलं, फोन खिशात घातला आणि निघालो. लेक दारात आडवी आली.

"आबा, सुतकात कुठं निघालात? अजून राखसुदीक सावडली न्हाई."

"अंगणवाडीत."

"लोक काय म्हणतील?"

"सुतक मला हाय. त्या पोरीला न्हाई."

अंगणवाडीत मी आत गेलो नाही. पायरीखाली उभा राहिलो. चूल थंड होती. आढ्याला पोरांना तोलायचा काटा टांगलेला, त्याची झोळी रिकामी. सेविकाबाई मला बघून रडायला लागल्या. मी म्हणालो, "बाई, रडायला दहा दिवस हाईत. वाटीवाल्या पोरीचं काय सांगायचं होतं ते बघा."

बाईंनी डोळे पुसले, वही काढली. पोरीचं वजन दोन महिने सारखं उतरत होतं. दंडाचा घेर मोजायची पट्टी लाल रंगावर, म्हणजे धोक्यावर आली होती. नर्सबाई सांगून गेल्या होत्या की सोमवारी गाडी येईल, पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवावं लागेल, पण संगं आई पाहिजे. आईशिवाय हे लेकरू तिथं घास खाणार नाही.

"मग कळवलं का न्हाई?"

"काका, मी तिच्या आजीला सांगितलं. आजी म्हणली, मी कळवते. पण मावशीला तिचा इश्वास नव्हता. म्हणली, म्हातारी भितीय. सून काम सोडून आली तर मुकादम परत न्यायचा न्हाई, म्हणून ती दाबून ठेवंल. मीच फोन करते, म्हणली."

असं होतं तर. भरलेली वाटी परत जातेय हे ती माझ्यासमोर बोलली होती, आणि मी ऐकून सोडून दिलं होतं.

पायरीवर बसून फोन लावला. नाही लागला. पुन्हा लावला. चौथ्या वेळेला वाजला. तिकडून ट्रॅक्टरचा आवाज आला, मग बाईमाणसाचा.

"हॅलो, मावशी?"

मी तोंड उघडलं. 'सगळं खुशाल हाय' म्हणायचं होतं, ती म्हणायची तसं. 'सगळं' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.

"मावशी, बोला की. ऐकू येईना."

"पोरगी खुशाल हाय," मी म्हणालो. "आधी ते ऐक. पोरगी खेळतीय, हसतीय. ऐकलंस?"

"काका? तुमी कावून बोलताय? मावशी कुठं हाईत?"

"आधी पोरीचं ऐक." मी सगळं ओळीनं सांगितलं. खुशाल हाय, मग वजन, मग दवाखाना, मग सोमवार. धोंडा टाकला नाही. "सोमवारच्या आत तू पायजेस. मुकादमाला दे फोन, मी बोलतो त्याच्यासंगं."

"नगा, तुमी नगा बोलू," ती रडता रडता हसली. "तुमी बोललात तर कायमचंच हाकलंल. मी बघते. उद्या सांजंपतुर येते. काका, मावशीला द्या की."

ट्रॅक्टर धडधडत होता. मी म्हणालो, "ती न्हाई. काल गेली."

ती बारीक आवाजात म्हणाली, "मग मी येईपतुर माझ्या लेकीला खाऊ कोण घालंल?"

"मी घालतो," मी म्हणालो. "वाटी कुठली ते मला ठाव हाय."

फोन ठेवला. लुगडं मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागलो. ती घट्ट मारायची. शेवटी दातानं सोडवली. मग लेकीला सांगायला घराकडं गेलो, की चुलीवर मऊ भात टाक, वाटीभर.