टिपवाला फाटकाबाहेर

कामासाठी पुण्याला निघालो, तेव्हा चंद्रपूरच्या बसस्टँडवर बाबांनी भाकरीच्या गाठोड्याबरोबर माझ्या हातात टिपांची डबी दिली. टिप म्हणजे बिलियर्डच्या काठीच्या टोकाला चिकटवतात ती चामड्याची चकती. चेंडूला लागते ती तीच. बाकी काठी नुसती ऐट. "कामी येतीन," बाबा म्हणाले. "आन् थो खेळ पाह्यशीन तं मले सांगजो, आपली टिप कशी लागते."

कारण त्यांनी तो खेळ कधी पाहिलाच नव्हता! एका दाराचं आमचं घर, त्याच्या पडवीत कारखाना: शिकंजा, चकत्या पाडायचा पंच आणि म्हशीचं कमावलेलं कातडं. खाणीच्या साहेबांच्या क्लबात माल जायचा, पण तो फाटकावरच घेत. शेजारी टोमणे मारत, "काऊन गा, धम्म घेतला तरी कातडं सुटत नाई?" बाबा पंच ठोकत म्हणत, "ढोर नाई ओढत मी. कारखान्याचा मालक हाओ." हसू नका. मालकच होते ते.

पुण्यात त्या डबीनेच मला नोकरी दिली. एका क्लबात काठ्यांना टिपा बसवायच्या. मेंबर विचारत, "इम्पोर्टेड का रे?" मी म्हणायचो, "चंद्रपूरची." ते हसायचे, आणि त्याच टिपने डाव जिंकायचे. 'मले-तुले' गिळून मी 'मला-तुला' शिकलो. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना हे गिळणं ठाऊक आहे.

मग बाबांना बोलावलं. एक डाव पाहायला, बस. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. सेक्रेटरीने दारातच अडवलं. "फक्त मेंबरांचे पाहुणे आत येतात. टिपांचं काम असेल तर याला मागच्या दाराने घेऊन ये."

मी भांडलो. टिपा कुणाच्या आहेत ते ओरडून सांगितलं. तो घड्याळ बघत राहिला. बाबांनी माझा दंड धरला. "राहू दे. काम घेऊन नाई आलो मी. पाहायले आलो." आणि वळले.

खेळ न पाहताच परत गेले. मी नोकरी सोडली, आणि त्या क्लबाला आमची टिप बंद. लावा म्हणावं आता इम्पोर्टेड! जंगल आमचं, कोळसा आमचा, कातडं कापणारे हात आमचे, आणि दार तेवढं तुमचं? क्लबातला टीव्ही रंगीत झाला, दारावरची नजर काही बदलली नाही.

गावाकडचे विचारतात, "पुण्यात घर केलं का?" खोली केली आहे. ज्या शहरात माझा बाप पुढच्या दाराने पाहुणा म्हणून आत जाईल, त्याला घर म्हणेन. तोवर ते पडवीचंच घर माझं. त्याला मागचं दार नाही.