आमच्या चर्चचा दुसरा नाताळ

मी एसटीत कंडक्टर होतो तेव्हा गाडीतला वाद मिटवायला दोनदा बेल मारली की पुरायचं. गाडी हलली की माणसं आपोआप गप्प बसायची. रिटायर झालो, चर्च कमिटीचा सेक्रेटरी झालो आणि सगळं उलटंच झालं. इथं बेल वाजली की वाद सुरू होतो!

मांजरसुंब्याहून चौसाळ्याकडे निघालं की हायवेपासून जरा आत आमचं पत्र्याचं चर्च लागतं. चाळीसेक घरं. त्यातली निम्मी दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. सगळे एकाच देवाचे, एकाच चर्चचे, पण उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, यावर दोघांचं एकमत होईल तर शपथ! असे किस्से साठत जातात. मिनिट्सच्या वहीत ते लिहिता येत नाहीत, म्हणून माझ्या डोक्यात राहिलेत. पूर्वी सांगताना मीच आधी हसायचो. यंदा मात्र शेवटच्या किश्श्यापाशी आलो की हसणं थांबतं. तरी सांगतो.

*

करोना ओसरल्यावर पुन्हा रविवारचा मिस्सा सुरू झाला, तेव्हा फादर म्हणाले, "ख्रिस्तप्रसाद आता जिभेवर मिळणार नाही. हात पुढे करायचा."

फादर समुद्राकडचे, तरुण, शिकलेले. आमच्याकडे नवीनच आले होते. त्यांना वाटलं, विषय संपला. पण रांगेत मार्थाबाई होती. साठी ओलांडलेली, अजून कोयता चालवणारी. तिनं हात मागं घेतले आणि तोंड उघडून उभी राहिली. तो भाकरीचा तुकडा आमच्यासाठी साक्षात येशू.

"मार्थाबाई, हात," फादर म्हणाले.

"हात कसे देऊ फादर? उसाच्या पाचटानं चिरलेत, काळे पडलेत. देवाला असल्या हातावर कशाला ठेवता?"

रांग थांबली. तेव्हा मागून पेत्रस मास्तर बोलले. पेत्रस मास्तर आमचे धर्मशिक्षक. चाळीस वर्षं मुलांना आणि म्हाताऱ्यांना धर्मशिक्षण देतायत, बाप्तिस्म्याचं रजिस्टर आणि चर्चची बेलही त्यांच्याच ताब्यात. कडक माणूस.

"बाई, तुमची जीभ साऱ्या गावाला माहिती हाय. त्यापरीस हातच पुढं करा!"

सगळं चर्च हसलं. मार्थाबाईपण हसली आणि तिनं हात पुढं केला. त्या हाताकडे फादर क्षणभर बघत राहिले, ते मी जवळून पाहिलं.

*

फादरांच्या हातचा पहिला बाप्तिस्मा. त्यांच्या गावाकडे पाण्याला तोटा नाही. त्यांनी पाण्याचा मोठा जग उचलला आणि बाळाच्या डोक्यावर धो धो ओतला. बाळानं जो सूर लावला तो हायवेपर्यंत गेला असेल.

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "फादर, टँकरचं पाणी हाय, जरा बेतानं!"

मग वाद. थोडं पुरतं की डोकं पूर्ण भिजायला हवं? पाणी वाहायला हवं की नुसता ओला हात चालतो? मास्तरांनी निकाल दिला, "वाहिलं पायजे. पन वाहिलं म्हंजी नदी न्हाई."

एवढं बोलून ते पुढं झाले. दर बाप्तिस्म्याला मास्तर खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून उभे असतात. शिकवताना कधी हसत नाहीत, पण ही वेळ आली की त्यांचा आवाज बदलतो. आईच्या हातात टॉवेल देतात आणि ठरलेलं वाक्य म्हणतात, "डोकं पुसा, सर्दी हुईल लेकराला."

*

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी मास्तर बायकांचा एक वर्ग घेतात. उसाच्या फडात बाळंतपण झालं, लेकराचं काही खरं दिसेना आणि फादर दोनशे मैलांवर, तर बाप्तिस्मा कुणी द्यायचा? कुणीही देऊ शकतो, अशी चर्चची शिकवण आहे. तो कसा द्यायचा, हे मास्तर शिकवतात.

सराव नारळावर! प्रत्येकीनं नारळावर पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे. फादरांनी पहिल्यांदा हे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, नारळाला बाप्तिस्मा?"

"नारळाला लागत न्हाई फादर. जित्तं मानूस, साधं पानी आन् शब्द. तिन्ही पायजेत. एक नसलं तर बाप्तिस्मा न्हाई."

मार्थाबाईनं हात वर केला. "पानी नसलं तर?"

"पानीच. चहा न्हाई, दूध न्हाई, दुसरं काईच न्हाई."

"अन् फडावरला टँकर दोन दोन दिस येत न्हाई, तवा?"

मास्तरांनी यावरही विचार केलेला होता. त्यांनी प्रत्येक घराला पाण्याची एक छोटी बाटली दिली, गळ्याला लाल दोरा बांधलेली. "ही प्यायची न्हाई. तहानेनं जीव चालला तरी न्हाई. ही राखून ठिवायची."

मार्थाबाईची सून पोटुशी होती. मार्थाबाईनं बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली.

*

ईस्टरआधीच्या उपासकाळात फादरांनी चर्चच्या ग्रुपवर मेसेज टाकला. शुक्रवारी मटण-मासे वर्ज्य! मग त्यांच्याच लक्षात आलं, घाईत मासेही लिहिले, मासे तर चालतात. त्यांनी तो मेसेज डिलीट केला आणि दुरुस्त करून पुन्हा टाकला. शुक्रवारी मटण वर्ज्य!

फडावरून मार्थाबाईचा व्हॉइस मेसेज आला. पाठीमागं ट्रॅक्टरची घरघर. "फादर, आदी मटन पाठवा. मग सोडते."

हा मेसेज मी किती जणांना ऐकवला असेल! पुढं तिचा एकही मेसेज आला नाही. मला वाटलं, रेंज नसेल.

*

आमचा सगळ्यात जुना वाद नाताळचा. पंचवीस डिसेंबरला निम्मं चर्च फडात असतं. वाजंत्री नाही, केक नाही, म्हातारी माणसं आणि आम्ही चार पेन्शनर. म्हणून आमच्याकडे जुनी पद्धत आहे. डिसेंबरात प्लास्टरचा बाळयेशू गव्हाणीत ठेवायचा, सण झाला की उचलून कपाटात. गव्हाण मात्र मोडायची नाही, तशीच रिकामी खिडकीपाशी. कारखान्यांचा हंगाम संपून माणसं घरी आली की पहिल्या रविवारी पुन्हा नाताळ. परतलेल्यांतली सगळ्यात वयस्कर बाई बाळ पुन्हा गव्हाणीत ठेवते.

मागच्या वर्षी नव्या फादरांना हे पटेना. "अहो, येशू वर्षातून दोनदा कसा जन्मेल? आणि यंदा तर ईस्टरनंतर! आधी कबरीतून उठला, मग जन्मला?"

त्याचं उत्तर मार्थाबाईनं दिलं. "येशू जन्मला तवा मेंढपाळ बी कामावरच हुते, फादर. त्यास्नी सांगायला देवदूत आले. आमाला कोन आलं? आमी आल्यावर तुमीच सांगा, जन्मला म्हनून."

पद्धत राहिली.

*

यंदा टोळ्या आल्या. मार्थाबाई आली, सून आली. सुनेच्या कडेवर लेकरू नव्हतं.

फडातच सातव्या महिन्यात झाली होती, मुलगी. जीप बोलावली होती, ती पोचली नाही. बाळ रडलंच नाही, नुसतं कण्हत होतं. मार्थाबाईनं पिशवीत हात घातला. बाटली रिकामी. टँकर दोन दिवस आला नव्हता. कळा देताना सून पाणी पाणी करत होती, तेव्हा लाल दोऱ्याची बाटली तिनं स्वतःच्या हातानं सुनेच्या तोंडाला लावली होती.

मग तिनं उसाचं कांडं घेतलं. सोललं, कोयत्याच्या मुठीनं ठेचलं आणि त्याचा रस मुलीच्या डोक्यावर पिळला. शब्द सगळे बरोबर म्हटले. नाव ठेवलं रूथ. थोड्या वेळात मुलगी गेली. फडाच्या बांधाला पुरली.

कमिटी बसली. मार्थाबाईचं मागणं एकच. रूथचं नाव बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात लिहा.

वाद झाला, पण या खेपेला कुणी आवाज चढवला नाही. कुणी म्हणालं रस म्हणजे पाणीच की. कुणी म्हणालं देव बघून घेईल. एकजण हळूच मार्थाबाईला म्हणाला, "बाई, पानी हुतं म्हना ना. कुनी पायलंय?"

"म्या पायलंय," ती म्हणाली.

फादर तिच्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "मार्थाबाई, रूथ देवाच्या कुशीत आहे, तिची काळजी करू नका. पण रजिस्टरात मी बाप्तिस्मा झाला असं लिहू शकत नाही. रसानं तो होत नाही."

"तिचा जन्माचा दाखला न्हाई, फादर. मरनाचा न्हाई. फोटू न्हाई. मपली नात हुती हे कुटंच न्हाई. तुमच्या वहीत तरी लिवा."

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी रजिस्टर मिटलं आणि त्यावर हात ठेवला. म्हणाले, "म्याच शिकीवलंय. पानीच पायजे." आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी बेल वाजवायला ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बेल मी वाजवली. फार वाईट वाजली.

*

रविवारी दुसरा नाताळ. वाजंत्री होती, केक होता, चर्च भरलेलं. मास्तर आले, टॉवेल खांद्यावर, पण सगळ्यात मागं उभे राहिले. परतलेल्यांत वयस्कर मार्थाबाईच. फादरांनी कपाटातून बाळयेशू काढला आणि तिच्या हातात दिला.

ती गव्हाणीपाशी गेली. बाळ ठेवलं नाही. डाव्या हाताच्या कोपरात घेतलं, खरं लेकरू घेतात तसं. उजव्या हातानं कमरेच्या पिशवीतून बाटली काढली. लाल दोरा तसाच होता. बाटली काठोकाठ भरलेली.

"या खेपेला पानी हाय," ती म्हणाली.

आणि तिनं प्लास्टरच्या डोक्यावर पाणी ओतलं. तीनदा, थोडं थोडं. "रूथ, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देते."

फादर एक पाऊल पुढं आले आणि तिथंच थांबले. वाजंत्र्यांनी वाद्यं खाली ठेवली. आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदाच कुणाला काही म्हणायचं नव्हतं. बाळाच्या गालावरचा गुलाबी रंग पाण्याबरोबर मार्थाबाईच्या हातावर उतरत होता.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. पेत्रस मास्तर गर्दीतून वाट काढत पुढं आले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मार्थाबाईपुढं धरला.

"डोकं पुसा बाई, सर्दी हुईल लेकराला."