नवसाशिवाय डोंगर

तुम्ही कधी सपाट गावात राहून डोंगर चढायचा सराव केलाय?

आम्ही केलाय. शनिवार-रविवारची ट्रिप, पाठीवर आपापली सॅक, चिखलदऱ्याकडच्या डोंगरात पायी फिरायचं आणि एक रात्र टेंटमध्ये झोपायचं. एवढंच ठरवायचं होतं. ठरवायला सात महिने लागले! ट्रिप दोन दिवसांची, पण तिच्या तयारीचे किस्से दुकानातल्या चिंध्यांसारखे साचत जातात. रोज मूठभर, आणि एक दिवस पाहावं तर पोतं भरलेलं.

चिंध्या आठवल्या, कारण वर्ध्याला लागून सिंदी मेघेला आमचं शिवणकामाचं दुकान आहे. शाळेचे युनिफॉर्म शिवतो. मी, कारंज्याची कुंदा, आणि आमच्यात सगळ्यात मोठ्या वनिताबाई. डोंगराची कल्पना वनिताबाईंचीच. आणि त्यांनाच जायला मिळेल की नाही याचा भरवसा नव्हता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात मुलगा प्रवीण. तो पहिल्या दिवसापासून "नाई" म्हणून बसला होता. मागच्या वर्षी त्या स्टुलावरून पडल्या, तेव्हापासून त्याचं एकच वाक्य : "आई, तिथं पाय घसरला तर कोण उचलन तुले?"

कुंदाने आणि मी ठरवून टाकलं, वनिताबाई नाहीत तर ट्रिप नाही.

* * *

आधी सॅक पाहायला वर्ध्याच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने तिघींकडे पाहिलं आणि लाल-निळ्या, कार्टूनच्या सॅक काढल्या.

"मुलासाठी पाहिजे न मॅडम? वय किती?"

वनिताबाई म्हणाल्या, "अठ्ठावन्न!"

तो बिचारा बराच वेळ नुसती चेन उघड-बंद करत राहिला.

* * *

शेवटी सॅक घरीच शिवल्या. कुंदाचे वडील ट्रकवर होते, त्यांच्याकडून ताडपत्री आली. आम्ही मोठ्या हुशारीने एकमेकींची मापं घेतली : खांदा, पाठ, कंबर. हाताला सवय ती! सॅक तयार झाल्या तेव्हा कळलं, माझी सॅक कुंदाला होत नाही आणि कुंदाची मला. आतून दोन-दोन इंच कापड जास्तीचं सोडलेलं, म्हणजे अंग सुटलं तर उसवता येईल!

आणि तोंडाला चेन लावायची सोडून कुंदाने काय लावलं असेल? हूक! ब्लाउजला लावतो ते, ओळीने सात.

"काऊन वं कुंदे, हे काय?"

"चेन खराब होते ताई. हूक तुटलं तर डोंगरावर बसून लावता येते."



* * *

आता सराव. आमच्याकडे चढ म्हणाल तर एकच, रेल्वेचा उड्डाणपूल. सॅकमध्ये पाच-पाच किलो तूरडाळ भरून आम्ही पहाटे तो चढायला-उतरायला लागलो. खाली एक ऑटोवाला रोज उभा असायचा. दोन दिवस त्याने नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी आम्ही चौथ्यांदा पूल चढताना त्याला राहवलं नाही.

"मावशी, घर सापडून नाई राह्यलं काय? बसा, सोडून देतो."

वनिताबाईंना धाप लागली होती, तरी त्या थांबल्या.

"घर सापडून तीस वर्षं झाले बाबू! म्हणून तर बाहेर निघाली."

* * *

आम्ही सराव करतो, मग घरच्यांनीही करायला नको? एका रविवारी आम्ही दिवसभर दुकानात बसलो आणि घरी सांगितलं, आज स्वयंपाक तुमचा. अकरा वाजता आमच्या ह्यांचा पहिला फोन आला.

"मीठ कुठं आहे?"

"चहापत्ती लिहिलेल्या डब्यात."

"मग चहापत्ती?"

"साबुदाण्याच्या डब्यात."

"आणि साबुदाणा?"

"संपलाय."

पलीकडे डब्यांची झाकणं वाजली. मग म्हणाले, "तीस वर्षं या घरात जेवून राह्यलो, मले कोणी सांगितलंच नाई!"

मी म्हटलं, "तुम्ही विचारलंच नाई!"

त्या दिवशी त्यांनी केलेली खिचडी मी रात्री मुकाट्याने खाल्ली. वाईट नव्हती.

* * *

टेंट कुंदाच्या भाच्याचा, मागून आणलेला. लावायचा कसा ते शिकायला मी तो अंगणात लावला आणि दुपारी आत पडून पाहत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांनी आधी घरात ह्यांना एकटं बसलेलं पाहिलं, मग अंगणात मला. टेंटच्या तोंडाशी बसून हळू आवाजात म्हणाल्या, "शोभे, भांडण झालं काय वं? या वयात वेगळं राहू नाई बाप्पा!"

मी सांगतेय, भांडण नाही, सराव आहे. त्यांचं ऐकणं नाही. समजूत घालता घालता त्या आत आल्या, आडव्या झाल्या. म्हणाल्या, "हवा मस्त येते वं."

साडेपाचला काका शोधत आले. काकूंनी आतूनच सांगितलं, "चहा ठेवा तुमी. मी येतो जराशानं."

* * *

आता जरा रागाचा किस्सा. गोष्ट सासरी वडनेरपर्यंत गेली आणि माझे भासरे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, आले. माणूस चांगला, शेतीत राबलेला. बसल्या बसल्या विचारलं, "नवस हाय काय कोणता?"

हे आम्हाला नवीन नव्हतं. ज्याला सांगावं तो आधी हेच विचारायचा, कोणत्या देवाला चालल्या? बाई अनवाणी दहा कोस चालली तरी कोणी अडवत नाही, फक्त वर देव पाहिजे. कुंदा तर म्हणालीही होती, "सांगून देऊ न, देवीले चाललो. एका मिनिटात परवानगी!"

तेव्हा वनिताबाईंनी मशीन थांबवली. "देवीले जायचं असन तर देवीच्याच नावानं जाईन. हे माह्या नावानं जायचं हाय. खोटं नाई सांगायचं."

ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. माझा स्वभाव कोणाला उलट बोलण्याचा नाही, भासऱ्यांसमोर तर नाहीच. पण पदर नीट केला आणि म्हटलं, "नवस नाही. डोंगर पाहायचा आहे."

"काय हाय पाहासारखं तिथं?"

"ते आल्यावर सांगते."

ते चहा पिऊन उठले. जाताना दारातून ह्यांना म्हणाले, "थंडी राहते तिकडं. कानाले बांधाले घेऊन जा म्हणा."

* * *

आणि जायच्या आदल्या दिवशीची, शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळी पाचला आम्ही दोघी वनिताबाईंकडे गेलो. सॅक भरून दारात ठेवलेली. त्या पलंगावर बसलेल्या, प्रवीण कपाटाला टेकून उभा. डोंगरासाठी घेतलेले त्यांचे बूट त्याने कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं, आणि चावी त्याच्या खिशात.

"बूट दे, प्रवीण."

"सोमवारी देतो."

"मी काय लहान हाय?"

"लहान असती तर उचलून आणलं असतं. मावशी, तुमीच समजावा न इले!" त्याचे डोळे भरून आले होते. वाईट मुलगा नाही हो तो. त्याला एकच आई आहे.

कुंदा म्हणाली, "चप्पल घालून या."

मी म्हटलं, "चपलेनं खरंच घसरतील. राहू द्या, आपण ट्रिपच कॅन्सल करू."

 वनिताबाईंनी प्रवीणकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"कॅन्सल गिन्सल काई नाई. साडेपाचची बस हाय न? स्टँडवर येजा."

मग त्या उठल्या आणि पोळ्यांची कणीक भिजवायला लागल्या. प्रवीणने टीव्ही लावला. आम्ही दोघी घरी आलो. 

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला वर्ध्याच्या बस स्टँडवर वनिताबाई आमच्या आधी येऊन बसल्या होत्या, पाठीवर सॅक होती आणि पायात प्रवीणचे ऑफिसचे काळे बूट.